नवरा न्यू जर्सीत, मी नागपुरात : व्हिसा येईपर्यंतचे दिवस कसे काढायचे?

प्रश्न थोडक्यात असा : "माझं वय २८. फेब्रुवारी २०२५ मध्ये लग्न झालं. माहेर यवतमाळ, सासर नागपुरात त्रिमूर्तीनगरला. नवरा न्यू जर्सीत असतो, त्याला ऑगस्ट २०२३ मध्ये ग्रीन कार्ड मिळालं. लग्नानंतर महिन्याभरात त्याने माझी आय-१३० ची, म्हणजे बायकोला कायमचं तिकडे बोलावण्याच्या अर्जाची, फाईल टाकली. मी मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. सासूबाई म्हणतात, 'व्हिसा कधीही येईल, नोकरी सोड आणि घरात रुळ.' आमचा रोज फोन होतो आणि बहुतेक वेळा भांडणावर संपतो. शेजारीपाजारी विचारून विचारून जीव नकोसा करतात. मधल्या काळात व्हिजिटर व्हिसावर जाऊन येता येईल का? येत्या फेब्रुवारीत तो तीन आठवड्यांसाठी येतोय. पण तोवर आणि त्यानंतर हे दिवस काढायचे कसे?"

उत्तर :

आधी एक स्पष्ट करते. मी वकील नाही. नागपुरात कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते, आणि परदेशी असलेल्या नवऱ्यांच्या इथे राहिलेल्या बायका बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे येतात. अलीकडे परदेशी असलेल्या बायकांचे इथे राहिलेले नवरेही येऊ लागलेत. त्यांच्या झोपेचा, भांडणांचा, रडण्याचा संबंध शेवटी त्या फाईलशी येऊन पोचतो, म्हणून फाईल कशी चालते हे मला शिकावं लागलं. कायद्याच्या बारीक मुद्द्यावर अडलात तर अमेरिकेतल्या परवानाधारक इमिग्रेशन वकिलालाच विचारा, इथल्या 'आत ओळख आहे' म्हणणाऱ्या एजंटला नव्हे. पैसे घेऊन तुमची तारीख पुढे सरकवू शकेल असा माणूस कुठल्याही देशात नाही.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलं ते सासूबाईंचं वाक्य : 'व्हिसा कधीही येईल.' त्यांचा हेतू वाईट नाही. माझ्यासमोर बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात हे वाक्य असतं. त्याच्या भरवशावर मुलगी बढती नाकारते, कोर्सला नाव घालत नाही, स्वतःच्या खोलीचे पडदेसुद्धा बदलत नाही. 'आता कशाला, जायचंच आहे.' असं करता करता वर्ष निघून जातं, मग दुसरं. विरहाने खचलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, पण या लटकत्या अवस्थेने खचलेल्या त्याहून जास्त पाहिल्या आहेत. म्हणून पहिल्यांदा हे 'कधीही' मोडून काढू. तुमच्या वर्गातला व्हिसा अचानक दारात येऊन उभा राहत नाही. तो टप्प्याटप्प्याने येतो आणि प्रत्येक टप्प्याची आधी चाहूल लागते.

ग्रीन कार्डधारकाची बायको एफ२ए या वर्गात मोडते. अमेरिकन नागरिकाच्या बायकोला वर्षाचा कोटा लागू होत नाही, एफ२एला होतो. सगळा फरक इथे आहे, आणि 'माझ्या मावसबहिणीचं तर वर्षभरात झालं' या तुलनेत नेमका हाच फरक कुणी सांगत नाही. आय-१३० दाखल झाल्याची तारीख ही तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची जागा. आय-७९७ नावाच्या पावतीवर ती छापलेली असते. इमिग्रेशन खात्याने अर्ज मंजूर केला की पहिला टप्पा संपतो. पेढे वाटायची घाई नेमकी इथे होते. मंजुरी म्हणजे तुमचं लग्न त्यांनी मान्य केलं, इतकंच. पुढे फाईल न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरला जाते. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, त्यात एफ२एसमोर एक तारीख असते. तुमची तारीख तिच्या आधीची असेल तरच व्हिसा देता येतो. दरम्यान फी, डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, नवऱ्याने भरायचं आय-८६४ हमीपत्र, कागदांची छाननी, मग मुंबईच्या मुलाखतीची तारीख. यातली कुठलीही पायरी गाळून थेट 'उद्या निघा' असं पत्र येत नाही.

बुलेटिनची तारीख नेहमी पुढेच जाते असंही समजू नका. जुलै २०१९ ते मार्च २०२३ एफ२ए वर्ग 'करंट' होता, म्हणजे तारखेची अटच नव्हती. एप्रिल २०२३ च्या बुलेटिनमध्ये ती एकदम सप्टेंबर २०२० वर मागे आली. ज्यांनी 'पुढच्या महिन्यात मुलाखत' धरून नोकऱ्या सोडल्या होत्या, त्यांचे काय हाल झाले असतील ते तुम्हीच बघा. एक दिलासा मात्र आहे. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डासाठी भारतीयांची जी लांबलचक वेगळी रांग आहे, तशी इथे नाही, कारण एफ२ए मधले तीन चतुर्थांश व्हिसा देशनिहाय मर्यादेच्या बाहेर ठेवले आहेत. 'आपण भारतीय, आपल्याला वीस वर्षं लागतील' असं कुणी सांगितलं तर ते दुसऱ्या रांगेबद्दल बोलतायत.

आता तुमच्या बाबतीतली महत्त्वाची गोष्ट. तुमच्या वाट पाहण्याला एक बाहेरची कड आहे, आणि ती तुम्ही अजून मोजलेली दिसत नाही. ग्रीन कार्डाला पाच वर्षं होण्याच्या ९० दिवस आधी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. तुमच्या नवऱ्याच्या बाबतीत हा मुहूर्त मे २०२८ च्या आसपास येतो. तो नागरिक झाला की तुमची हीच फाईल नागरिकाच्या पत्नीच्या वर्गात जाते आणि बुलेटिन बघायची गरज उरत नाही. शपथ झाल्यावर त्याने हे कळवायचं असतं, तेवढं विसरू नका. अर्ज निकालात निघायला आणि मुलाखतीला लागणारे महिने त्यात मिळवा. त्याआधी एफ२एची तारीख आली तर उत्तमच. दोन्हीतलं जे आधी होईल ते.

२०२८ वाचून पोटात गोळा आला असेल. तरीही मी हे मुद्दाम सांगते. किती थांबायचं हे माहीत नसलेले सहा महिने माणसाला जेवढं पोखरतात, तेवढी माहीत असलेली दोन वर्षं पोखरत नाहीत. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता त्याबद्दल मला शंका उरलेली नाही. तुमची आखणी लांबच्या तारखेला धरून करा. बोलावणं लवकर आलं तर आखणी मोडायला एक संध्याकाळ लागते. जवळची तारीख धरून केलेली आखणी दर महिन्याला मोडते आणि दर वेळी तुम्हीही थोड्या मोडता. उशीर होण्यात एक छोटा फायदाही आहे. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं आणि पुढे अटी काढून घेण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. फेब्रुवारी २०२७ नंतर गेलात तर थेट दहा वर्षांचं.

तेव्हा नोकरी सोडू नका. हा माझा सल्ला इतका ठाम आहे की यात 'पण' नाही. पासपोर्टवर व्हिसा लागल्यावरही प्रवासाला सहसा काही महिन्यांची मुदत असते, नोटीस पिरियड त्यात आरामात बसतो. राजीनाम्याचं पत्र त्या दिवशी लिहायचं. नोकरी म्हणजे पगार आहेच, पण तुमच्या परिस्थितीत ती दिवसातले नऊ-दहा तास अशी जागा आहे जिथे तुमची ओळख 'व्हिसा न आलेली सून' अशी नाही.

सासूबाईंना हे तुम्ही सांगायचं नाही. तुमच्या नवऱ्याने सांगायचं. सुनेने टप्प्यांचा कागद काढून समजावला की त्यांना वाटतं, हिला घरात बसायचं नाही म्हणून बहाणे चालले आहेत. मुलाने फोनवर दहा मिनिटं काढून 'आई, अजून बराच वेळ आहे, तिला नोकरी करू दे, मलाच बरं वाटतं' असं म्हटलं की विषय बहुतेक घरांत तिथेच मिटतो. मुलं हे टाळतात. दोन बायकांनी आपसात बघून घ्यावं, अशी त्यांची सोयीची समजूत असते. नाही, हे त्याचं काम आहे.

सासरी राहायचं की माहेरी, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण माझ्या अनुभवात खरा ताण तिथे असतो, म्हणून थोडी थांबते. नवरा जवळ नसताना सासरी राहणं ही अवघड गोष्ट आहे. ज्याच्यामुळे नातं जोडलं गेलं तोच घरात नाही. काहींना माया मिळते, काहींना पाहुण्यासारखं अवघडलेपण, काहींना बिनपगारी कामवालीचा दर्जा. तुमची नोकरी नागपुरात, त्यामुळे राहणं सासरी ठीकच, पण दोन-तीन गोष्टी ठरवून घ्या. तुमची स्वतःची खोली, जिला आतून कडी आहे. हॉलमध्ये स्पीकरवर ठेवलेला व्हिडिओ कॉल हा तुमचा कॉल नव्हे. तो घराचा कॉल, तो वेगळा होऊ दे. यवतमाळला जाण्याचा एक ठरलेला शनिवार-रविवार, ज्यासाठी दर वेळी परवानगी मागावी लागणार नाही. महालक्ष्म्या सासरी केल्या तर दिवाळीनंतरचे चार दिवस माहेरचे, असं वर्षाच्या सुरुवातीलाच बोलून घ्या. ऐन वेळी काढलेला हा विषय नेहमी रडारडीत संपतो.

आणि पैसे. नवरा महिन्याचे पैसे वडिलांच्या खात्यात पाठवतो आणि सून भाजीच्या पिशवीपासून पार्लरपर्यंत हात पसरते, ही पद्धत बंद करा. घरखर्चासाठी त्याने आईवडिलांना द्यावेतच, पण तुमच्यासाठीचे तुमच्या खात्यात. त्याचा दुसरा उपयोगही आहे. लग्न खरं आहे हे दाखवणाऱ्या पुराव्यांत अशा नियमित व्यवहारांना वजन असतं.

आता फोन. रोज भांडण होतं म्हणालात. भांडणाचा विषय काय असतो ते आठवडाभर लिहून बघा. मला वाटतं, बहुतेक वेळा तो व्हिसाच निघेल. 'स्टेटस बघितलंस का?', 'वकिलाला मेल केलास का?', 'तुला काही घाईच नाही.' फाईलवर बोलायला आठवड्यातला एक दिवस ठेवा, रविवार म्हणा, आणि अर्धा तास. बाकी सहा दिवस तो विषय बंद. स्टेटस बघायचं कामही एकानेच करायचं. दोघं दोन टोकांना बसून दिवसातून चार वेळा तीच वेबसाइट उघडतात आणि तिथे तेच वाक्य असतं, त्याने काही सरकत नाही.

वेळेचं गणितही भांडणाला खतपाणी घालतं. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेदहा, मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा साडेनऊ. तुमची सकाळ साडेसातची म्हणजे त्याची रात्र दहाची, हिवाळ्यात नऊची. तुम्ही ऑफिसला निघायच्या गडबडीत, तो दिवसभराचा थकलेला. या वेळेला गंभीर काही बोलूच नका. 'निघाले, पोचले' इतकंच. त्याची सकाळ आणि तुमची संध्याकाळ ही वेळ जास्त बरी. शनिवार-रविवारी एक लांब फोन, आणि त्यात सतत बोललंच पाहिजे असं नाही. तो पोहे करतोय, तुम्ही कपाट लावताय, फोन ओट्यावर टेकवून ठेवलाय, मध्येच कुणीतरी काहीतरी म्हणतंय. एकत्र राहणारी जोडपी घरात हेच करतात. 'काय मग?' 'काही नाही, तुझं?' अशा पंचवीस मिनिटांपेक्षा हे फार बरं. भांडण झालंच तर एक नियम : पुढचा फोन कधी, हे सांगितल्याशिवाय ठेवायचा नाही. रागाने कापलेला फोन आणि मधले दहा तास, यांत माणूस काय काय कल्पना करतो ते मी रोज ऐकते.

शरीराची ओढ हा विषय कुणी काढत नाही, मुलीही दाराशी पोचल्यावर जाता जाता विचारतात. लग्नानंतर पंधरा-वीस दिवसांत नवरा विमानात बसला, तर ही ओढ लागणारच. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि ते नवऱ्याशी बोलायला हरकत नाही. खबरदारी एकच. खासगी फोटो-व्हिडिओ फोनमध्ये किंवा चॅटमध्ये साठवू नका. फोन हरवतात, घरातल्या कुणाच्याही हातात पडतात. आणि पुढे पुरावा म्हणून चॅट जोडायची वेळ आली तर निवडक, साधी पानं जोडायची असतात, सगळं आयुष्य नव्हे.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर नागपुरात 'कधी जाऊन राहिली मग अमेरिकेला?' हा प्रश्न चुकत नाही. हळदीकुंकवाला तर नाहीच नाही. लांबलचक खुलासा देऊ नका. एफ२ए समजावायला गेलात की दहा प्रश्न वाढतात. 'कागदं चालू आहेत काकू, ठरलं की पेढे घेऊन येते,' एवढं हसून म्हणायचं आणि त्यांच्या नातवाची चौकशी करायची. जवळच्या दोन मैत्रिणींना मात्र खरं काय ते सांगा. सगळ्यांपुढे एकच मुखवटा घालून राहणं झेपत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एकीने सांगितलं होतं की तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या, म्हणजे इडापिडा गावाबाहेर घालवायला काढतात त्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत 'घेऊन जा गे मारबत'च्या गजरात तिने आपला व्हिसाही जोडून दिला, घसा बसेपर्यंत. मी हा उपाय लिहून देत नाही, पण तिला बरं वाटलं होतं खरं.

व्हिजिटर व्हिसा. अर्ज करायला बंदी नाही, पण मिळण्याची शक्यता कमी. त्या व्हिसासाठी 'मी परत येणार' हे तुम्हाला पटवून द्यावं लागतं आणि तुमची फाईल तर 'मला कायमचं जायचंय' असं म्हणत तिकडे पडलेली असते. कायम नोकरी, आधीचे परदेश प्रवास, छोटी ठरलेली सहल, अशा गोष्टींनी एखादीला मिळतो, बहुतेकींना नाही. नकार मिळाल्याने मूळ फाईल बिघडत नाही. पण व्हिजिटर व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट पिटिशन (तुमचा आय-१३० म्हणजे तेच) दाखल केलं आहे का, असा सरळ प्रश्न असतो. तिथे 'हो'च लिहायचं. 'नाही लिहा, कुणी बघत नाही' असं सांगणारे महाभाग आहेत. ती खोटी माहिती ठरली तर कायमची अपात्रता येऊ शकते आणि मग मूळ व्हिसाच धोक्यात. पैसे आणि रजा असतील तर तिसऱ्या देशात भेटा. मॉरिशससाठी भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही.

तो इकडे येऊन सहा-आठ महिने राहिला तर? हा विचार बऱ्याच जोडप्यांच्या मनात येतो. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य तुटल्याचं मानलं जाऊ शकतं, आणि पाच वर्षांतला निम्मा काळ तरी प्रत्यक्ष अमेरिकेत असावा लागतो. म्हणजे भेटीच्या ओढीने तो जास्त राहिला तर तुमची ती बाहेरची कडच लांब जाते. वर्षातून दोन छोट्या भेटी एका लांब मुक्कामापेक्षा बऱ्या.

नागपुरात बसून करण्यासारखी कामं भरपूर आहेत, आणि ती आत्ताच करावी अशी आहेत. जन्माचा दाखला काढून बघा. नव्वदच्या दशकातल्या कितीतरी दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं 'स्त्री' आणि आईवडिलांची नावं. तुमचा यवतमाळचा असेल तर नाव चढवून घ्यायला तिथे फेऱ्या होतील. मुलाखतीच्या तोंडावर ते करणं म्हणजे छळ. लग्नात नाव बदललं असेल, तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं असेल आणि पत्रिकेवर, आधारवर, पासपोर्टवर वेगवेगळं झालं असेल, तर एक नाव ठरवा आणि फाईल संपेपर्यंत पुन्हा हात लावू नका. पासपोर्टवर माहेरचं नाव ठेवूनही व्हिसा मिळतो. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड आईकडून शोधून घ्या, मेडिकलच्या वेळी उपयोगी पडतं. पोलीस क्लिअरन्स आणि मेडिकल मात्र लवकर उरकून ठेवू नका, दोन्हींना मुदत असते. मेडिकल नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच होतं आणि मुलाखत मुंबईत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) अमेरिकन वाणिज्य दूतावासात, तेव्हा त्या वेळी मुंबईत आठवडाभर राहायची तयारी ठेवा. एकाच दिवसात दुरांतोने जाऊन-येऊन उरकणारं हे काम नाही.

विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचे अधिकृत उतारे, नागपूर विद्यापीठातून आत्ताच काढा. तिकडे गेल्यावर पदवीचं मूल्यांकन करायचं तर ती लागतात, आणि तेव्हा इथल्या खिडकीसमोर वडिलांना उभं करावं लागतं. गाडी चालवायला शिका, न्यू जर्सीत ती चैन नसून गरज आहे.

हे वाचणाऱ्या आणि अजून लग्न व्हायच्या मुलींसाठी दोन गोष्टी, तुमच्या उपयोगाच्या नसल्या तरी. मुलाचं नोकरीवरून ग्रीन कार्ड व्हायचं असेल, तर लग्न त्याआधी झालं की बायकोला त्याच अर्जाच्या आधारे मागोमाग जाता येतं. नंतर झालं की एफ२एची रांग. साखरपुड्यात या तारखेवर बोलायला कुणी बसत नाही आणि पुढची काही वर्षं त्याच तारखेमुळे जातात. दुसरी गोष्ट, 'आधी रजिस्टर करून घेऊ, फाईल टाकू, लग्न डिसेंबरात करू' हा प्रकार. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेलेच नसतील तर नुसत्या नोंदणी प्रमाणपत्राने विवाह होत नाही. व्हिसासाठी अशा नोंदण्या करण्याच्या प्रथेचाही न्यायालयाने उल्लेख केला. घाई असेल तर विशेष विवाह कायद्याने, तीस दिवसांची नोटीस देऊन लग्न करा, किंवा विधी साधेपणाने आधी उरका.

मूल होण्याचा विषय घरात निघालाच असेल. 'जाईपर्यंत एक होऊन जाऊ दे' असं म्हणणं सोपं असतं. निर्णय तुमचा दोघांचा. कागदोपत्री एक खाच लक्षात ठेवा : बाळ इथे झालं तर एफ२एमध्ये ते तुमच्याबरोबर त्याच फाईलवर जाऊ शकतं, पण मध्येच नवरा नागरिक झाला आणि तुमची फाईल त्या वर्गात गेली, की बाळासाठी वेगळा आय-१३० लागतो. हे वेळेत कळलं नाही तर आईचा व्हिसा तयार आणि मूल मागे, अशी वेळ येते. माझं मत विचाराल तर बाळंतपण आणि पहिलं वर्ष नवऱ्याशिवाय काढायचं का, हा प्रश्न फाईलपेक्षा मोठा आहे.

थोडं कडूही बोलावं लागेल. आय-७९७ ची प्रत तुमच्याकडे आहे का? नसेल तर मागा. नवरा देईल, आणि विषय संपेल. पण जिथे 'तुला काय करायचंय नंबर, मी बघतोय ना' असं उत्तर महिनोन्‌महिने येतं, फोन आठवड्यावर जातात, राहत्या घराचा पत्ता सांगितला जात नाही, तिथे मी वाट बघायला सांगत नाही. राष्ट्रीय महिला आयोगात एनआरआय विवाहांसाठी वेगळा कक्ष आहे, परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल आहे. तुमच्या पत्रावरून तुमचा नवरा असा वाटत नाही. तरी हे लिहिलं, कारण वाचणाऱ्या सगळ्यांचे नवरे तुमच्यासारखे असतीलच असं नाही.

तुमच्या स्वतःच्या तब्येतीचं एक मोजमाप ठेवा. दोनेक आठवडे सलग झोप नाही, जेवण जात नाही, ऑफिसात लक्ष लागत नाही, पूर्वी आवडायच्या गोष्टी नकोशा झाल्यात, तर याला 'आठवण येते' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना भेटा. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो. मरणाचे विचार येत असतील तर आजच फोन करा आणि घरातल्या एका माणसाला सांगा. आणि नवऱ्यालाही हेच विचारा. तो तिकडे 'मी मजेत' म्हणतो, पण ऑफिसातून येऊन फ्रोजन पराठा गरम करून जेवणारा, चार भिंतींत एकटा असलेला तोही वाटच बघतोय. पुरुष माझ्याकडे फार उशिरा येतात, बहुधा दारू वाढल्यावर.

राहिली फेब्रुवारीची भेट. तीन आठवड्यांत सत्यनारायण, कुलदैवत, दोन आत्या, एक मामा, मित्राचं लग्न असं सगळं बसवलं जातं आणि तुम्हा दोघांच्या वाट्याला गाडीची मागची सीट येते. पाच दिवस आधीच वेगळे काढा, फक्त दोघांचे, आणि ते घरी त्यानेच सांगू दे. बाकी दिवसांत बँकेत एकमेकांना नॉमिनी करून घ्या, विम्यावर नाव घाला, बोर्डिंग पास आणि घरच्यांबरोबरचे फोटो जपून ठेवा. मुलाबद्दल आणि सासूबाईंशी बोलण्याबद्दल जे काही ठरवायचं ते त्या पाच दिवसांतल्या पहिल्या दोनांत बोला. शेवटच्या रात्री काढलेला विषय सोनेगावच्या विमानतळापर्यंत सोबत येतो. जागा पचमढी असो, चिखलदरा असो, तुमची आवड. ताडोबा ठरवलंत तर सफारीचं बुकिंग बरंच आधी करावं लागतं आणि मंगळवारी जंगल बंद असतं, तेवढं बघून रजा टाका.